संध्याकाळचा पट्टा

मानेवर वस्तरा फिरत असताना माणसाने हलू नये हे त्याला पक्कं ठाऊक होतं, तरी तो हलला. सलूनवाला बावीस वर्षांच्या ओळखीचा. त्याने वस्तरा वेळीच उचलला आणि म्हणाला, "काका, जरा दमानं. कान राहू द्या जागच्या जागी." मग फळीवरचं वर्तमानपत्र पुन्हा त्याच्या नाकासमोर धरून म्हणाला, "आता नीट बघा. ही तुमचीच ना? भिंगरी?" सहाव्या पानाच्या कोपऱ्यात तीन माणसांचा फोटो होता. दोन पुरुष आणि मधोमध ती, हात मागे बांधून उभी. लहानपणी काही मोडलं की अशीच उभी राहायची. कपाळाजवळ केसांची एक बट पांढरी झाली होती. ती बट त्याला माहीत नव्हती. फोटोवर मथळा होता, एकेचाळीस प्रकाशवर्षं दूर असलेल्या नव्या ग्रहाचा शोध. "हो, तीच," तो म्हणाला, "बोलली होती मला फोनवर." सलूनवाल्याने आरशातून त्याच्याकडे पाहिलं. "आणि तुम्ही इतके दिवस गप्प? कमाल आहे बुवा तुमची. आमची पोरगी साधी पास झाली तरी मी गल्लीभर सांगत सुटतो." तो हसला. पांढऱ्या कापडाखाली त्याने एका हाताने दुसऱ्या हाताचं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं. कापड हललं तर सलूनवाल्याला दिसलं असतं.

घरी आल्यावर त्याने चपला न काढताच ती बातमी उभ्याने पुन्हा वाचली. एक लहानसा, मंद, तांबूस तारा. त्याच्या अगदी अंगाला लागून फिरणारा एक ग्रह, इतका जवळ की त्याचं वर्ष अकरा दिवसांत संपतं. ग्रहाची एकच बाजू कायम ताऱ्याकडे. म्हणजे अर्ध्या ग्रहावर न संपणारा दिवस, अर्ध्यावर न संपणारी रात्र, आणि दोन्हींच्या मध्ये एक अरुंद पट्टा, जिथे नेहमीच संध्याकाळ. ग्रहावर हवा आहे की नाही, ते अजून कळलेलं नाही. खाली एक रंगीत चित्र होतं आणि बारीक अक्षरात लिहिलं होतं, चित्रकाराच्या कल्पनेतून. तिने आपल्याला सांगितलं नाही, हे दुःख छातीत नीट बसायच्या आतच त्याला त्या चित्राचा राग आला, आणि या रागाचं त्याचं त्यालाच नवल वाटलं. चित्रकाराने ग्रहावर ढगांचे आडवे पट्टे ओढले होते, मध्येच दोन-चार भोवरे. हे ढग भराभर फिरणाऱ्या ग्रहाचे. इतक्या सावकाश वळणाऱ्या गोळ्यावर असे ढग व्हायचे नाहीत. तिथे हवा असलीच, तर तारा डोक्यावर असेल त्या जागी ती तापून वर चढेल आणि तिथेच ढगांचं एक भलंमोठं झाकण बसेल. "ढग चुकलेत," तो मोठ्याने म्हणाला. ऐकायला घरात कुणी नव्हतं. चौतीस वर्षं त्याने हवामान खात्यात काढली होती. आधी रोज ठरल्या वेळी उपकरणं वाचणारा निरीक्षक म्हणून, पुढे नकाशावर रेघा ओढून उद्याचा अंदाज लिहिणारा म्हणून. गल्लीत त्याला अजूनही हवामानवाले काका म्हणत, आणि तो जिना उतरताना दिसला की कुणीतरी हटकून विचारायचं, काय काका, छत्री घेऊ का? बायको थट्टा करायची. म्हणायची, तुमच्या खात्याकडून 'शक्यता' हा एक शब्द काढून घेतला तर सगळे मुके व्हाल. ते खरंही होतं. शक्यता आहे, तुरळक ठिकाणी, काही भागांत. या शब्दांच्या आडोशाने त्याचं आयुष्य बरं चाललं होतं.

रविवारी तिचा फोन आला होता. दर रविवारी अकराच्या सुमारास येतो आणि सहा-सात मिनिटांत संपतो. जेवण, गुडघा, तिकडची हवा, इकडची हवा. तो विचारतो, काम कसं चाललंय, आणि ती म्हणते, चाललंय. या रविवारीही ती 'चाललंय' म्हणाली होती. तेव्हा ही बातमी छापायला गेलेली असणार. खुर्चीत बसून तो ते एका शब्दाचं उत्तर मनात फिरवून फिरवून पाहत राहिला. त्यात कुठे काही लपवल्याचा खडबडीतपणा लागतो का? लागला नाही. आवाज नेहमीसारखाच होता, नीट, धुतल्यासारखा. तेच वाईट होतं. सात वर्षांची असताना ती त्याच्याबरोबर सकाळी केंद्रावर यायची. गवताच्या चौकोनात चार पायांवर उभी असलेली ती पांढरी पेटी, तिच्या भिंतींना झडपांसारख्या फळ्या. वारा आत यावा, ऊन येऊ नये म्हणून. आत तापमापक. ती लाकडी स्टुलावर चढून, श्वास रोखून आकडा वाचायची. श्वासाने पारा चढेल अशी तिला भीती. एकदा तिने विचारलं होतं, "बाबा, आपण बघायला आलो नाही तर आत तापमान असतं का?" तो म्हणाला, "असतं की. फक्त कुणाला माहीत नसतं." तिने थोडा विचार केला. "मग ते एकटंच असतं," ती म्हणाली. पेटीचं दार लावून तिने त्यावर हलकेच हात ठेवला, जसा कुणी झोपलेल्या माणसाच्या पाठीवर ठेवतो. तिला भिंगरी हे नाव त्याने ठेवलं होतं, कारण ती एका जागी ठरायची नाही. आणि आता तिने ग्रह शोधला तो असा, एकाच दिशेला तोंड करून बसलेला. बायको असती तर या विनोदावर दोन दिवस हसली असती.

बायकोची आठवण या रस्त्याने आली की ती पुढे कुठे जाऊन थांबते, हे त्याला ठाऊक होतं. चार वर्षांपूर्वीची ती सकाळ. बायकोचं हृदय थकत चाललं होतं, आणि डॉक्टर आदल्या दिवशी दारात उभे राहून हलक्या आवाजात म्हणाले होते, कुणाला बोलवायचं असेल तर बोलवून घ्या. मुलगी डोंगरापलीकडच्या शहरात, सहा तासांवर, आणि मध्ये घाट. फोन करण्याआधी सवयीने त्याने नकाशा पाहिला. कमी दाबाचा पट्टा घाटाच्या दिशेने सरकत होता. अजून कचेरीत असता तर त्याने लिहिलं असतं, घाटमाथ्यावर वादळी पावसाची शक्यता. मनात हिशेब केला तर शंभरात चाळीस. त्याहून जास्त नाही. पण त्याच्या डोळ्यांसमोर वळणावर घसरलेली गाडी आली, पावसात मागचे लाल दिवे तसेच लागलेले. एकाच दिवशी दोघी जातील, असं काहीतरी त्याच्या मनात आलं. तो फोनवर म्हणाला, "आज निघू नकोस. घाट बंद होणार आहे. उद्या दुपारी निघ." पलीकडून ती म्हणाली, "बंद होणार? नक्की?" आणि चौतीस वर्षांत एकदाही न लिहिलेला शब्द त्याने उच्चारला. "नक्की." पट्टा दुपारी वळून दुसरीकडेच गेला. घाटावर थेंब पडला नाही. पाच वाजून वीस मिनिटांनी बायको गेली. दुसऱ्या दिवशी कोरड्या रस्त्याने, स्वच्छ निळ्या आभाळाखालून मुलगी आली. दारात उभी राहून तिने एकदा वर आभाळाकडे पाहिलं आणि आत गेली. काही बोलली नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही.

बातमी वाचली त्या दुपारी त्याने कपाटातून एक कोरी वही काढली. काय लिहायचं ते ठरलं नव्हतं. चित्रकाराचे ढग चुकलेत एवढं तिला कळवावं, असं मनात होतं. पण पत्राऐवजी तो त्या ग्रहावरच जाऊन बसला. समजा, तिथे हवा आहे. समजा, आपली तिथे बदली झाली. अशा आडगावच्या बदल्या त्याने ऐन उमेदीत केल्या होत्या, जिथे दोनच खोल्या, एक पंप आणि मैलभर वारा. तर मग केंद्र उभारायचं कुठे? उजेडाच्या बाजूला जमीन भाजून निघत असणार, अंधाराच्या बाजूला सगळं गोठून दगड झालेलं असेल. केंद्र पट्ट्यातच हवं. पांढऱ्या पेटीचं दार नेहमी उन्हाच्या उलट बाजूला लावायचं असतं. तिथे ते एकदा लावलं की कायमचं. तारा जागचा हलणारच नाही. क्षितिजावर अर्धा बुडलेला, परातीएवढा, निखाऱ्यासारखा, ज्याच्याकडे उघड्या डोळ्यांनी पाहता येईल असा. वारा अंधाराकडून येणार, जमिनीलगत, थंड, सतत एकाच दिशेने. पाठीवर गारवा आणि चेहऱ्यावर ऊब, असं उभं राहायचं. झाडं असलीच तर सगळी एकाच बाजूला कललेली असतील. सावल्या लांबलचक, आणि त्या कधी सरकणार नाहीत. दगडाच्या सावलीत पडलेलं दंव वर्षानुवर्षं तसंच राहील, आणि त्याच दगडाची पुढची बाजू हाताला कोमट लागेल. पण निरीक्षणं कोणत्या वेळी घ्यायची? सकाळ नाही, दुपार नाही. घड्याळ असेल, पण घड्याळाला खरं ठरवणारं काही नसेल. माणूस उठेल कशासाठी आणि निजेल कधी? यावर तो बराच वेळ अडून राहिला. शेवटी त्याने लिहिलं, झोप आली की निजावं आणि उठल्यावर पहिलं काम आकडा वाचण्याचं करावं. तीच सकाळ.

तीन दिवस त्याचं हेच चाललं. दूध उतू गेलं, गुडघ्याचं औषध घ्यायचं राहिलं. चष्मा पुसून तो पुन्हा वही उघडायचा. त्याच्या असं ध्यानात आलं की तिथे तो एकटा राहत नाहीये. केंद्राच्या दोन खोल्यांपैकी एका खोलीच्या दारात बायको बसलेली असायची, पाय पायरीवर सोडून. तिला दिवसातली तीच वेळ आवडायची. उन्हं कलली की ती गॅलरीत येऊन बसायची, आणि त्याने आत दिवा लावायला हात उचलला की म्हणायची, राहू द्या हो अजून थोडा वेळ. इथे तो थोडा वेळ वीस मिनिटांत संपून जाई. तिथे संपत नव्हता. ती बसून राहायची आणि तांबूस उजेड तिच्या गालावर तसाच राहायचा. त्याला लिहायचं असे वाऱ्याचा वेग, आणि तो पाहत असे तिच्या मानेवरची सुटलेली बट. ती त्याला काही विचारायची नाही. तिसऱ्या दिवशी मात्र तिने विचारलं, किंवा त्याला तसं वाटलं. भिंगरीला हे सगळं दाखवलंत का? त्याने पेन खाली ठेवलं. इतका वेळ ज्या ग्रहाबद्दल आपण खात्रीने लिहीत होतो, तिथे हवा आहे की नाही हेसुद्धा अजून कुणाला ठाऊक नाही. पहिल्या पानावर जाऊन त्याने वर लिहिलं, 'हवा आहे असे धरून', आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसचं तिकीट काढलं.

तिला त्याने कळवलं नाही. कळवलं असतं तर ती 'या ना' म्हणाली असती, त्या धुतलेल्या आवाजात. सहा तास तो खिडकीशी बसला. घाटात त्याने डोळे मिटून घेतले. झोप आली नव्हती, पण वळणं बघवत नव्हती. तिच्या संस्थेच्या फाटकावरच्या रखवालदाराने नाव लिहून घेतलं आणि विचारलं, कामाचं स्वरूप? तो म्हणाला, "वडील." रखवालदाराने तेच लिहिलं. तिसऱ्या मजल्यावरच्या तिच्या खोलीचं दार उघडं होतं. ती संगणकाच्या पडद्याकडे पाहत, पाय खुर्चीवर घेऊन बसली होती. त्याला पाहून ती ताडकन उठली. चेहऱ्यावरचा रंग गेला. "काय झालं?" तिने विचारलं. "कुणाला काही झालंय का?" तेव्हा त्याच्या लक्षात आलं, आपल्या घरात न कळवता येणं म्हणजे काय असतं. "काही नाही झालं. सहज आलो," तो म्हणाला. "पेपरात वाचलं." ती खाली बसली. मग म्हणाली, "मी सांगणार होते. दोनदा फोन हातात घेतला. पण तुम्ही विचारलं असतं, नक्की आहे का. आणि आमच्याकडे नक्की असं काहीच नसतं, बाबा." ती हे टोचून म्हणाली की नुसतंच म्हणाली, ते त्याला कळलं नाही. त्याने विषयाला वळसा घातला. "दाखव तरी. तुझा ग्रह."

तिने पडदा त्याच्याकडे वळवला. त्यावर काळ्या ठिपक्यांची एक आडवी रांग होती, मुंग्यांसारखी. मध्ये एका ठिकाणी ती जराशी खचली होती आणि पुन्हा वर आली होती. "हा ताऱ्याचा उजेड," ती म्हणाली. "आणि इथे तो किंचित कमी झालाय. ग्रह समोरून गेला म्हणून. दर अकरा दिवसांनी जातो." "आणि ग्रह?" "तो दिसत नाही. एवढंच दिसतं." तो वाकून त्या खळगीकडे पाहत राहिला. एवढ्याशा खळगीतून त्यांनी आकार काढला होता, वर्ष काढलं होतं, तिन्हीत्रिकाळ संध्याकाळ असलेला तो पट्टा काढला होता. आयुष्यभर त्याने सुया आणि पारे वाचून न दिसणाऱ्या हवेबद्दल बोलण्याचं काम केलं होतं. हे त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. "चांगलं निरीक्षण आहे," तो म्हणाला. खात्यात याहून मोठी शाबासकी त्याने कुणाला दिली नव्हती. तिलाही ते ठाऊक असावं, कारण तिने मान खाली घातली. मग त्याने पिशवीतून वही काढून दिली आणि म्हणाला, "चित्रातले ढग चुकलेत." ती वाचू लागली. एका पानावर हसली. एका पानावर बराच वेळ थांबली. मग पुढे न उलटता म्हणाली, "आई पण आहे इथे."

"आहे," तो म्हणाला. आणि मग, ती खिडकीतली दुपार, टेबलावरचे दोन चहाचे पेले, बाहेर कुणीतरी ट्रॉली ढकलत नेत असल्याचा आवाज, या सगळ्याच्या मध्ये बसून त्याने तिला ते सांगितलं. "त्या दिवशी मी तुला नक्की म्हणालो. तसं नव्हतं. शंभरात चाळीस होतं. साठ वेळा तू येऊन पोचली असतीस. मला भीती वाटली, म्हणून मी नक्की म्हणालो." हे बोलायला जेमतेम अर्धं मिनिट लागलं. ती वहीच्या पानाची कड नखाने दुमडत होती. "मला माहीत होतं," ती म्हणाली. त्याने वर पाहिलं. "बाबा, मीही तो नकाशा पाहिला होता. तुमचा फोन ठेवल्यावर लगेच. मला वाचता येतो की नकाशा, तुम्हीच शिकवलाय. मला दिसत होतं की पट्टा वळू शकतो. गाडीची किल्ली टेबलावर होती. पण तुम्ही नक्की म्हणाला होता, आणि मला ते बरं वाटलं. आईला तशा अवस्थेत मला बघायला लागणार नव्हतं ना. एक दिवस सुटका." ती थांबली. "चार वर्षं मला वाटतंय, तुम्हाला हे कळलंय. म्हणून तुम्ही काही बोलत नाही."  मग त्याने हात पुढे करून तिने दुमडलेलं पान अंगठ्याने सरळ केलं. त्या दिवशी दारात तिने वर आभाळाकडे पाहिलं होतं, त्या नजरेचा अर्थ तो चार वर्षं एकच लावत आला होता.

"मला सांगा तो दिवस," ती म्हणाली. "मी तो किती वेळा मनात रचलाय. प्रत्येक वेळी वेगळा होतो. खिडकी बंद असते, खोलीत औषधाचा वास असतो, ती कण्हत असते. तसंच होतं?" "नाही," तो म्हणाला. "खिडकी उघडी होती. तिनेच उघडायला लावली. वारा बेताचा होता. वास कसला नव्हता, चादरी सकाळीच बदलल्या होत्या." तो सावकाश, जसं दिसलं तसं सांगत गेला. ती दुपारी थोडी झोपली. उठल्यावर पाणी मागितलं, दोन चमचे प्यायली. कण्हली नाही. शेजारच्या गच्चीवर कुणीतरी गालिचा झटकत होतं, तर म्हणाली, किती धूळ साठवतात माणसं. साडेचारला तिचे हात गार पडू लागले, तेव्हा त्याने ते आपल्या हातात घेतले. मुलगी मध्ये मध्ये विचारत होती, कोणती चादर, उशी किती उंच, डोळे उघडे होते का. तो उत्तर देत होता. एखादी गोष्ट आठवली नाही तर तसं सांगत होता. मग तो अडखळला. "काय?" तिने विचारलं.

"पाचच्या सुमाराला तिने विचारलं, भिंगरी निघाली का. मी म्हणालो, हो, निघाली." त्याने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "खोटं बोललो. पण तिला ते खरं वाटलं. तिचा चेहरा मोकळा झाला. मग ती म्हणाली, तिला म्हणावं, सावकाश ये. काही घाई नाही."

मुलीने दोन्ही हात टेबलावर ठेवून त्यात डोकं घातलं. तिचे खांदे हलू लागले. तिचा धक्का लागून सांडेल म्हणून त्याने चहाचा पेला हळूच बाजूला सरकवला, आणि मग खुर्ची तिच्या बाजूला ओढून घेतली.